खानदेशचे फारुकी सुलतान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहमनी, निजामशाही, आदिलशाही ही नावं शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असतात. फारुकींच्या वाट्याला मात्र फार तर एखादी ओळ येते. आणि तरीही तापीच्या खोऱ्यात या घराण्याने १३८२ ते १६०१ अशी २१९ वर्षं राज्य केलं. बहमनी इतकी टिकली नाही, निजामशाही नाही, विजापूरची आदिलशाहीही नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला आपल्याच गावच्या या राजांबद्दल धड माहिती मिळत नाही, ही खंत आहे. नेहमी कानावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून एका जागी लिहून ठेवतो आहे.

फारुकी आले कुठून?

घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा, म्हणजे मलिक अहमद. हे लोक आपलं कूळ दुसरे खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत, म्हणून फारुकी. कूळ खरोखर तिथपर्यंत जात होतं का, हे ज्याने त्याने ठरवावं. नव्या राजाने थोर पूर्वज सांगावा, हा रिवाज त्या काळी सगळ्याच धर्मांच्या राजघराण्यांत होता.

मलिक राजा आधी दौलताबादला होता. तिथे बहमनी सुलतानाविरुद्धच्या बंडात सामील झाला, बंड फसलं आणि त्याला गुजरातकडे पळावं लागलं. पुढची हकिकत फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीच्या नादात आपल्या माणसांपासून लांब गेला, भुकेने कासावीस झाला आणि मलिक राजाने त्याला जेवू घातलं. सुलतानाने खूश होऊन साधारण १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख त्याला जहागीर म्हणून दिला. दिल्लीची सत्ता ढिली पडल्यावर १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार करू लागला.

राज्य केवढं होतं?

आजच्या हिशेबाने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा बराचसा भाग, आणि मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी. नंदुरबार-सुलतानपूर बराच काळ गुजरातच्या ताब्यात होतं, ते फारुकींना उशिरा मिळालं. बागलाणात मुल्हेर-साल्हेरचे बागूल राजे होते. मलिक राजाने त्यांच्याकडून खंडणी घेतली, पण त्यांचं राज्य काही बुडवलं नाही.

शेजारी पाहिले म्हणजे या राज्याची अडचण कळते. पश्चिमेला गुजरातचे सुलतान, उत्तरेला माळव्याचे, दक्षिणेला आधी बहमनी आणि मग निजामशाही, पूर्वेला वऱ्हाड आणि गोंडांचा मुलूख. यांतला कुठलाही मोठा शेजारी फारुकींपेक्षा बळकट होता. तो जर आपला सगळा जोर लावून आला असता, तर खानदेश कधीच गिळला गेला असता. पण एकाने हात घातला की दुसरा आडवा येत असे. माझ्या मते फारुकींच्या दोनशे वर्षांचं मर्म इथेच आहे.

थाळनेर राजधानी का झालं?

थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे, आज शिरपूर तालुक्यात. नदीच्या दरडीवर किल्ला, खाली उतार, आणि गुजरातकडून खानदेशात येणारी वाट हाताशी. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. नंतर कारभार बऱ्हाणपूरला गेला, तरी पुढचे तीन राजे नासीरखान, मिरान आदिलखान आणि मिरान मुबारकखान यांनाही अखेर थाळनेरलाच आणलं.

नासीरखानाने असीरगड कपटाने घेतला, हे खरं का?

फरिश्ता तरी तसंच सांगतो. असीरगड तेव्हा आसा अहिराकडे होता. हा मोठा गवळी सरदार. हजारो गाई-म्हशी, वीस हजार मेंढ्या, आणि दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा म्हणून नावाजलेला. मलिक राजाशी त्याचा सलोखा होता. नासीरखानाने त्याला निरोप धाडला की, शत्रू अंगावर येत आहेत, माझ्या घरच्या बायकांना तुमच्या गडावर आसरा द्या. आसाने होकार दिला. डोल्या गडावर गेल्या, त्यांतून हत्यारबंद माणसं उतरली, आणि स्वागताला आलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला.

डोल्यांत सैनिक लपवून गड घेतल्याची गोष्ट शेरशाहाच्या रोहतासगडाबद्दलही सांगतात. तेव्हा तपशील किती खरे, याबद्दल सावध राहावं. पण उपकारकर्त्याचा घात करून गड मिळवला, ही आठवण फारुकींच्या राज्यातच जिवंत राहिली आणि फरिश्त्यापर्यंत पोचली, हे मला महत्त्वाचं वाटतं. घराण्याला ती पुसून टाकता आली नाही.

आणि बऱ्हाणपूर?

तेही नासीरखानाचंच. दौलताबादजवळच्या खुलताबादला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब या सुफी संतांची कबर आहे. ते १३३७ मध्ये वारले. त्यांच्या नावाने तापीच्या उत्तर काठावर बऱ्हाणपूर वसलं. त्यांच्याच परंपरेतल्या शेख जैनुद्दीनांच्या नावाने समोरच्या काठावर जैनाबाद. दोन्ही नावं खुलताबादची, म्हणजे आजच्या मराठवाड्यातून खानदेशात गेलेली.

जागेची निवड फार हुशारीची होती. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनला उतरणारा रस्ता नर्मदा ओलांडून असीरगडाच्या खिंडीतून तापीच्या खोऱ्यात येतो आणि बऱ्हाणपुरावरून पुढे जातो. गड वाट अडवायला, शहर जकात घ्यायला. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत, ते याच कारणाने.

फारुकी गुजरातचे मांडलिक होते की स्वतंत्र?

दोन्ही, आणि ते वेळ पाहून. नासीरखानाने माळव्याच्या होशंगशाहाची मदत घेऊन १४१७ मध्ये आपल्या सख्ख्या भावाकडून थाळनेर हिसकावलं आणि गुजरातच्या सुलतानपुरावर चाल केली. गुजरातचा अहमदशाह फौज घेऊन आला तेव्हा नासीरखानाने त्याचं वर्चस्व कबूल केलं. अहमदशाहाने त्याला ‘खान’ हा किताब दिला. पुढे शंभर वर्षं फारुकी राजे खानच म्हणवून घेत राहिले, शाह नव्हे. खानदेश हे नाव या खानांवरून पडलं असं एक मत आहे, कान्हदेश हे त्याआधीचं नाव असं दुसरं. वाद जुना आहे.

जोर असेल तेव्हा खंडणी थांबवायची, फौज दारात आली की थकबाकीसकट भरायची, असा हा व्यवहार होता. याला भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही. रयतेची शेतं घोड्यांच्या टापांखाली जाण्यापेक्षा खजिना रिकामा झालेला बरा, असं ज्याला कळलं तो राजा शहाणाच.

मुलीच्या तक्रारीवरून युद्ध झालं होतं, ते कोणतं?

नासीरखानाची मुलगी बहमनी राजपुत्र अलाउद्दीन अहमदला दिली होती. तो सुलतान झाल्यावर संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर त्याचा जीव जडला आणि पट्टराणीला विचारेनासा झाला. तिने बापाला कळवलं. नासीरखान वऱ्हाडात घुसला. खरं तर वऱ्हाडावर डोळा आधीपासूनच असणार, मुलीची तक्रार हे निमित्त सापडलं. पण बहमनी सरदार खलफ हसनने त्याला रोहणखेडजवळ हरवलं, बऱ्हाणपूर लुटलं आणि माघार घेणाऱ्या नासीरखानाला लळिंगच्या किल्ल्यात गाठलं. हा लळिंग म्हणजे धुळ्याबाहेर मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना दिसतो तोच. तिथेच १४३७ मध्ये नासीरखानाचा शेवट झाला. अडतीस वर्षं राज्य केलेल्या, असीरगड आणि बऱ्हाणपूर मागे ठेवलेल्या माणसाचा असा.

सगळ्यांत मोठा राजा कोण?

आदिलखान दुसरा, १४५७ ते १५०१. याने गोंड राजांना नमवलं, झारखंडपर्यंत धाक बसवला आणि ‘शाह-ए-झारखंड’ असा किताब घेतला. असीरगडाच्या पायथ्याकडची तटबंदी, जी मलईगड म्हणून ओळखली जाते, ती याची. बऱ्हाणपूरला तापीकाठचा किल्लाही याचाच. शहरातले विणकर आणि सोन्याचांदीची तार ओढणारे कारागीर याच्या काळात नावारूपाला आले.

यानेच गुजरातची खंडणी बंद केली. १४९८ मध्ये महमूद बेगडा चालून आला, तेव्हा थकबाकी चुकती करून त्याला वाटेला लावलं.

त्यानंतर काय बिघडलं?

वारसा. आदिलखानाला मुलगा नव्हता, भाऊ दाऊदखान गादीवर आला आणि १५०८ मध्ये वारला. त्याच्या मुलाला काही दिवसांतच विष घालून मारलं. मग आलमखान नावाचेच दोन दावेदार उभे राहिले, एकामागे अहमदनगर आणि दुसऱ्यामागे गुजरात. गुजरातचा उमेदवार महमूद बेगड्याचा मुलीकडून नातू होता. बेगडा स्वतः थाळनेरला आला आणि १५०९ मध्ये नातवाला गादीवर बसवून गेला. हाच आदिलखान तिसरा.

वारशाच्या बाबतीत फारुकींनी एक कडक प्रथा ठेवली होती. राजाचे भाऊबंद असीरगडावर नजरकैदेत राहत, आणि गरज पडली की त्यांच्यातूनच पुढचा राजा खाली आणत. घरातलं रक्त सांडू नये म्हणून असेल. पण तटाच्या आत वाढलेला मुलगा एक दिवस खाली येऊन राज्य चालवणार, याचे परिणाम शेवटच्या राजाच्या वेळी दिसले.

एक फारुकी गुजरातचा सुलतान होता होता राहिला, हे खरं?

खरं. मिरान मुहम्मद हा गुजरातच्या बहादूरशाहाचा सख्खा भाचा, माळवा आणि चितोडच्या मोहिमांत मामाच्या खांद्याला खांदा लावून लढलेला. १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाह समुद्रात मेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून भाच्याच्या नावाने खुतबा, म्हणजे मशिदीत राजाचं नाव घेऊन केलं जाणारं प्रवचन, वाचला गेला. मिरान मुहम्मद निघाला आणि काही आठवड्यांतच वाटेत वारला. घराण्यात ‘शाह’ लावायला सुरुवात त्याच्यापासून झाली.

सामान्य माणूस काय पिकवत होता, काय विणत होता?

याबद्दल सगळ्यांत जिवंत माहिती अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात आहे. ती राज्य बुडाल्याबरोबर लिहिली गेली, म्हणून फारुकी काळालाही लागू पडते. मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी वर्षातून तीनदा. तिचं ताट इतकं कोवळं आणि गोड की लोक फळासारखं खातात, असं अबुल फजल लिहितो. तांदूळ चांगला, विड्याची पानं मुबलक. धरणगावला सिरीसाफ आणि भिरौं नावाचं उंची कापड विणलं जाई. शेतकरी कष्टाळू, आणि मुलखाच्या फौजेत कोळी, भिल्ल आणि गोंड.

३२ परगणे त्यात नोंदले आहेत. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं चांगदेव त्यात आहे, आणि आदिलाबादही. हेच पुढे एदलाबाद झालं, आजचं मुक्ताईनगर. जळगावच्या लोकांनी तो भाग एकदा तरी वाचावा. आपल्या गावांची नावं चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी ग्रंथात भेटतात.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे?

आहे. मशिदीच्या आत, अरबी लेखाच्या सोबत. मशीद राजा अलीखान म्हणजे आदिलशाह चौथा याने बांधली. काळा दगड, समोर कमानींची रांग, दोन टोकांना दोन उंच मिनार.

शिलालेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्काराने होते. मग अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशा ईश्वराला वंदन. उपनिषदं वाचलेल्या माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतील आणि मुसलमानालाही त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. कुणा पंडिताने फार विचाराने निवडलेले शब्द आहेत ते. पुढे फारुकी राजांची वंशावळ, मशिदीला ‘मसीति’ असा शब्द, राजाचं नाव ‘एदलशाह’, आणि बांधण्याचा हेतू ‘स्वधर्मपालनार्थम्’. तिथीसुद्धा पंचांगातली: शके १५११, विरोधी संवत्सर, संवत १६४६, पौष शुद्ध. इंग्रजी तारखेने जानेवारी १५९०.

याच लेखात आकाशात चंद्र, सूर्य, तारे आहेत तोवर हा फारुकी वंश पृथ्वीवर नांदो, अशी प्रार्थना आहे. ती कोरल्यानंतर अकरा वर्षांनी राज्य संपलं. अकबराने त्याच मशिदीच्या मिनाराखाली आपल्या विजयाचा लेख कोरवून घेतला. दोन्ही लेख आजही एकाच इमारतीत वाचता येतात.

मोगलांशी वैर कधीपासून?

१५६१ पासून. अकबराच्या फौजेने माळवा घेतला, तिथला बाजबहादूर पळून खानदेशात आला आणि त्याच्या पाठलागावर पीर मुहम्मद हा सरदार बऱ्हाणपुरात घुसला. लूट आणि कत्तल झाली. मुबारकशाह दुसरा, बाजबहादूर आणि वऱ्हाडचा तुफालखान एकत्र आले, त्यांनी पीर मुहम्मदला मागे रेटलं आणि तो नर्मदा ओलांडताना बुडून मेला. तरी दोन-तीन वर्षांतच, १५६४ मध्ये, अकबर मांडूला आला तेव्हा मुबारकशाहाने आपली मुलगी त्याला दिली.

राजा अलीखानाने १५७६ पासून वीस वर्षं ही कसरत फार शिताफीने केली. मोगलांना नजराणे पाठवायचे, अहमदनगर-विजापूरशी आतून संधान ठेवायचं. पण अखेर त्याला बाजू निवडावी लागली. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ, आजच्या परभणी जिल्ह्यात, मोगल आणि दख्खनी फौजा भिडल्या. तो मोगल सेनापती खान-ए-खानान अब्दुर्रहीमच्या बाजूने लढला आणि पडला. रात्री मोगलांना तो दिसेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की हा फितूर झाला, आणि त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणात त्याचं प्रेत सापडलं. ज्यांच्यासाठी मेला, त्यांनीच त्याचे तंबू लुटले. या राजाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

असीरगड लढून पडला की फितुरीने?

राजा अलीखानाचा मुलगा बहादूरशाह गादीवर आला, तो वर सांगितलेल्या नजरकैदेतून. अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल बऱ्हाणपुरावरून जात असताना तो भेटायला गेला नाही, गडावर जाऊन बसला. अकबर चिडला आणि १६०० च्या वसंतात स्वतः बऱ्हाणपूरला आला.

गड अवघड. एकाखाली एक तीन तटबंद्या: असीर, कमरगड, मलईगड. वर पाण्याची तळी, धान्याची कोठारं, मोठ्या तोफा. महिने गेले. आतमध्ये माणसं आणि जनावरं दाटीवाटीने कोंडलेली, त्यातून साथ पसरली आणि हजारो दगावले. डिसेंबरात मोगलांनी मलईगड घेतला. त्याच महिन्यात बहादूरशाह खाली आला, तरी वरचा गड लढतच राहिला. जानेवारी १६०१ मध्ये तोही उघडला.

मतभेद पुढे आहेत. अबुल फजल, जो स्वतः वेढ्यात होता, रोगराई आणि हताशपणा ही कारणं देतो. अकबराच्या छावणीत असलेले जेझुइट पाद्री वेगळं सांगतात: बादशहाने शपथेवर अभय देऊन बहादूरशाहाला खाली बोलावलं आणि अडकवलं, हबशी किल्लेदार बधेना तेव्हा त्याच्या मुलाला ठार केलं, मग सोनं वाटून दरवाजे उघडवले. पाद्र्यांचा राग होताच, कारण अकबराने त्यांच्याकडे पोर्तुगीज तोफा मागितल्या होत्या आणि त्यांनी नकार दिला होता. दुसरीकडे अबुल फजल दरबाराचा माणूस. मला वाटतं, सोन्याची गोष्ट खरी असावी. उत्तरेत शाहजादा सलीम बंड करून बसला होता, अकबराला परतायची घाई होती, आणि घाईत असलेला राजा पैसे मोजतो.

मग पडण्याचं खरं कारण काय?

बहादूरशाहाचा हेका हे निमित्त. खरं कारण तो गादीवर यायच्या कितीतरी आधीच घडून गेलं होतं. १५७२-७३ मध्ये गुजरात मोगलांनी घेतला, माळवा आधीच गेला होता, १५७४ मध्ये वऱ्हाड निजामशाहीत गेलं. एकाविरुद्ध दुसऱ्याला उभं करायला शेजारीच उरले नाहीत. उत्तर आणि पश्चिम दोन्ही बाजूंना मोगल, आणि त्यांना दख्खनला जायची वाट हवी होती. ती वाट खानदेशातून जात होती. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला, म्हणजे मदतीला यायला कुणी राहिलं नाही.

‘दानदेश’ म्हणजे काय?

जिंकलेल्या सुभ्याला अकबराने दानियालच्या नावावरून दिलेलं नाव. सरकारदरबारी काही काळ चाललं, लोकांनी कधी घेतलं नाही. सारा मात्र दीडपट केला, हे ‘ऐन’मध्येच नोंदलेलं आहे. दानियाल पुढे बऱ्हाणपूरलाच दारूपायी मेला. बहादूरशाहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. तो १६२४ मध्ये आग्र्याला वारला.

बऱ्हाणपूरला गेलं तर फारुकींचं काय बघावं?

गाइड जे दाखवतात त्यातलं बरंच मोगलांचं आहे. कुंडी भंडारा ही भूमिगत पाण्याची व्यवस्था खान-ए-खानानच्या काळातली. मुमताज महल १६३१ मध्ये इथे वारली, तिची गोष्टही मोगल काळातली. शाही किल्ल्याचा पाया फारुकींचा, पण हमामखाना वगैरे नंतरचे. फारुकींचं म्हणाल तर जामा मशीद, बीबी की मशीद आणि शहराबाहेरचे मकबरे. भुसावळ-खांडवा मार्गावर बऱ्हाणपूर स्टेशन लागतं. असीरगड खांडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर आहे. बहुतेक लोक तिथे अश्वत्थाम्याच्या दंतकथेसाठी जातात. वरच्या जामा मशिदीकडेही पाय वळवा.

आणि थाळनेर चुकवू नका. शिरपूरहून जाता येतं. तिथल्या घुमटांत एक आठकोनी कबर आहे, तिच्या भिंतींवरचं दगडातलं नक्षीकाम बाकी सगळ्यांपेक्षा बारीक आणि देखणं. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात तापीकाठचं ऊन दहा वाजल्यानंतर उभं राहू देत नाही.